रोपे कोलमडण्यावर जिवाणू-संवर्धक वापरूनही गुण का आला नाही?

प्रश्न (गच्चीवरील बाग, मुलुंड)

नमस्कार. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर आम्ही काही रहिवासी मिळून तीन वर्षांपासून टोमॅटो, मिरची आणि वांगी लावतो. यंदा जूनच्या अखेरीस ट्रेमध्ये टाकलेले टोमॅटोचे बी छान उगवले. परंतु पावसाची झड लागताच चार-पाच दिवसांत निम्म्याहून अधिक रोपे आडवी झाली. पाने हिरवीच होती, मात्र मातीलगतचा खोडाचा भाग तपकिरी पडून दोऱ्यासारखा बारीक झाला होता आणि बोटाने हलकेच ओढले तरी रोप तिथूनच तुटून हातात येत होते. तेव्हा मी दुकानातून स्यूडोमोनास फ्लुरोसन्स या जिवाणूची पांढरी भुकटी आणून नळाच्या पाण्यातून दिली आणि धीर न धरवल्याने दुसऱ्याच दिवशी कॉपर ऑक्सिक्लोराइड हे तांब्याचे बुरशीनाशकही ओतले. उरलेली रोपेही गेली. ही भाजी घरातल्या लहान मुलांच्या ताटात जाते, म्हणून रासायनिक औषधे शक्य तितकी टाळायची आहेत. जिवाणूंनी बुरशी खरोखर आटोक्यात येते का, आणि माझे नेमके काय चुकले?

उत्तर 1 (सूक्ष्मजीवशास्त्राची निवृत्त शिक्षिका, दादर)

आटोक्यात येते, परंतु जिवाणू तिथे आधी वस्तीला असतील तरच. आपण वर्णन केलेला रोग बहुतेक पिथियम किंवा रायझोक्टोनिया या मातीतल्या बुरशींमुळे होतो. पिथियम ही काटेकोरपणे पाहता खरी बुरशी नव्हे. तिचे बीजाणू पाण्यात पोहत मुळापर्यंत जातात, म्हणूनच झडीच्या दिवसांत ती इतकी फोफावते. खोड एकदा आतून सडले की कोणताही जिवाणू ते पुन्हा उभे करू शकत नाही.

स्यूडोमोनास मुळांभोवती वाढतो आणि मुळांतून पाझरणाऱ्या शर्करेवर जगतो. मातीतले लोह घट्ट धरून ठेवणारी द्रव्ये तो सोडतो, त्यामुळे बुरशीला लोहाची चणचण भासते. या द्रव्यांपैकी एक पिवळसर हिरवे असते आणि अतिनील प्रकाशात चमकते. ‘फ्लुरोसन्स’ हे नाव त्यावरूनच पडले. प्रयोगशाळेत लोह कमी असलेल्या माध्यमावर वाढवलेली त्याची बशी विद्यार्थ्यांना दाखवली की पुस्तकातली चार पाने सांगण्याची गरज उरत नसे. काही वाण बुरशीला मारक प्रतिजैविकेही तयार करतात, तर काहींच्या सहवासाने रोपाची स्वतःची प्रतिकारशक्ती जागी होते. बॅसिलस सबटिलिस या दुसऱ्या जिवाणूची रीत थोडी निराळी आहे: तो इटुरिन आणि फेंजायसिन यांसारखी द्रव्ये सोडून बुरशीच्या पेशीपटलाला भोके पाडतो.

आता आपल्या चुकीविषयी. तांबे जिवाणूंनाही मारते, त्यामुळे आदल्या दिवशी दिलेले जिवाणू आपण स्वतःच्याच हाताने घालवलेत. दोन्ही वापरायचेच असतील, तर मध्ये किमान आठ-दहा दिवस जाऊ द्यावेत. शिवाय बॅसिलस टणक बीजाणू करून उष्णता आणि कोरडेपणा सोसतो. स्यूडोमोनास तसे बीजाणू करत नाही, म्हणून उन्हात तापलेल्या फळीवर महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या पाकिटात जिवंत पेशी फारच थोड्या उरलेल्या असू शकतात. पाकिटावर अंतिम तारीख आणि दर ग्रॅममागे जिवंत पेशींची संख्या छापलेली असते. या दोन्ही गोष्टी पाहूनच ते घ्यावे.

उत्तर 2 (भाजीपाला उत्पादक, गोराई)

बाईंनी सांगितलेले सर्व मला मान्य आहे. फक्त जिवाणूंच्या भरवशावर पाण्याकडे दुर्लक्ष करू नका, एवढे आवर्जून सांगावेसे वाटते. ट्रेखाली पाणी साचत असेल, तर कोणतेही संवर्धक टिकणार नाही. ट्रे विटांवर उचलून ठेवा, वर पारदर्शक प्लास्टिकचे छप्पर करा आणि बी दाट टाकू नका.

आम्ही किलोभर बियाण्याला 10 ग्रॅम संवर्धक लावतो; आपल्याला मूठभर बियाण्याला चिमूटभर पुरे. भाताची पातळ पेज गार करून त्यात ही भुकटी कालवावी, बी त्यात घोळवून सावलीत वर्तमानपत्रावर पसरावे आणि हाताला चिकटेनासे झाले की लगेच पेरावे. उरलेली भुकटी चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून ओलसर गोणपाटाखाली आठवडाभर ठेवावी आणि मग ट्रेच्या मातीत घालावी. नळाच्या पाण्यात क्लोरिन असते, म्हणून ते रात्रभर उघड्या बादलीत ठेवून वापरतो. फवारणी मात्र नेहमी ऊन उतरल्यावरच करतो.

आणखी एक गोष्ट: दुकानात जिवाणूंऐवजी ट्रायकोडर्मा हातात पडण्याची शक्यता असते. ते उपयुक्तच आहे, पण ती स्वतःच एक बुरशी आहे, तेव्हा त्याच्यासोबत बुरशीनाशक वापरू नये.

प्रश्नकर्तीचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. ट्रे फरशीवर टेकलेले होते आणि त्यांची भोके खालून गाळाने बुजली होती, हे आज उचलून पाहिल्यावर लक्षात आले. जुनी माती काढून टाकली आहे. येत्या रविवारी सहा ट्रे पेरणार आहोत. चारांत पेजेत घोळवलेले बी आणि दोनांत तसेच कोरडे, म्हणजे फरक पडला तो पाण्यामुळे की जिवाणूंमुळे, हे आम्हालाही कळेल. तीन आठवड्यांनी प्रत्येक ट्रेमधील उभी रोपे मोजून इथेच लिहीन.