रविवारी मुलांना टॉम आणि जेरी दाखवावे का : सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

अनघा, ए विंग : सर्वांना नमस्कार. येत्या रविवारी संध्याकाळी क्लब हाउसमध्ये मुलांसाठी टॉम आणि जेरीची जुनी कार्टून प्रोजेक्टरवर लावण्याचे सांस्कृतिक समितीने ठरवले आहे. कोणाची काही सूचना असल्यास आजच कळवावी, म्हणजे यादी पक्की करता येईल.

मृणाल, सी विंग : अनघाताई, कार्यक्रमाला माझा विरोध नाही, परंतु या कार्टूनमध्ये सतत मारझोड चालते. माझा मुलगा पाच वर्षांचा आहे आणि पडद्यावर जे पाहतो ते धाकट्या बहिणीवर करून बघतो. शिवाय हेच सगळे मुले रोज फोनवर पाहत असताना त्यांना मुद्दाम एकत्र बोलावण्याचे प्रयोजन काय, हेही मला कळलेले नाही.

श्रीनिवास, बी विंग : मृणाल, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण माझ्या मते कार्यक्रमाचे कारणच त्यात आहे. फोनवर मुलांसमोर येतात ते बहुतेक वेळा अर्ध्या मिनिटाचे तुकडे, वर दुसरेच कुठले तरी गाणे चिकटवलेले. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी १९४० ते १९५८ या काळात एमजीएम या हॉलिवूडच्या चित्रपट कंपनीसाठी केलेली ११४ कार्टून मात्र चित्रपटगृहातल्या मोठ्या पडद्यासाठी होती. ती मुख्य चित्रपटाच्या आधी दाखवली जात आणि समोर मुलांबरोबर मोठी माणसेही बसलेली असत. सहा-आठ मिनिटांत गोष्ट मांडायची, रंगवायची आणि संपवायची, तीही बहुतेक वेळा संवादांशिवाय, ही त्यातली खरी कारागिरी आहे आणि ती तुकड्यांमध्ये दिसत नाही.

बार्बेरा चित्रांतून गोष्ट रचत असे आणि कोणती हालचाल किती फ्रेममध्ये बसवायची हे हॅना ठरवत असे. टॉमची ती प्रसिद्ध किंकाळीही हॅनाचीच आहे. बोलण्याची उणीव स्कॉट ब्रॅडली याच्या संगीताने भरून काढली. १९४४ सालच्या एका कार्टूनमध्ये जेरी कुत्र्याचे डोके चढवून पळतो, त्या प्रसंगासाठी त्याने बारा स्वरांची आधुनिक पाश्चात्त्य रचनापद्धती वापरली होती, जी ऐकायला त्या काळचे दर्दी श्रोतेही सहज तयार होत नसत. फोनच्या इवल्याशा स्पीकरवर यातले काय ऐकू येणार?

माझी विनंती आहे की ‘द कॅट कॉन्सर्टो’ यादीत असावेच. मागे दोन लांब टोके असलेला औपचारिक कोट घातलेला टॉम रुबाबात रंगमंचावर येतो आणि संगीतकार फ्रान्झ लिस्ट याची ‘दुसरी हंगेरियन ऱ्हॅप्सडी’ ही रचना पियानोवर वाजवू लागतो. जेरी पियानोच्या आत झोपलेला असतो, तो हातोड्यांच्या धक्क्यांनी जागा होतो आणि मग टॉमच्या बोटांवर झाकण आपटण्यापासून पट्ट्यांच्या जागी सापळा ठेवण्यापर्यंत सगळे उद्योग करतो. मुलांना एकच गोष्ट पाहायला सांगावी : टॉम वादन थांबवत नाही. हात जेरीला पकडण्यात गुंतले तर तो पायांनी वाजवतो, कारण समोर श्रोते बसले आहेत. मैफलीचा इतका आदर ठेवणारे विनोदी चित्र मी दुसरे पाहिलेले नाही. त्याला १९४६ सालचे ऑस्कर मिळाले, आणि या मालिकेला एकूण सात ऑस्कर मिळाली आहेत.

देवधर काका, ए विंग : श्रीनिवास, छान लिहिलेत. मुंबईतल्या धोबीतलावचे मेट्रो चित्रपटगृह १९३८ मध्ये एमजीएमनेच बांधले, त्यामुळे लहानपणी आम्ही ही कार्टून तिथेच पाहिली. एमजीएमच्या बोधचिन्हातल्या सिंहाची डरकाळी झाल्यावर टॉमचे तोंड दिसले की बाल्कनीतली वडीलधारी मंडळीसुद्धा आमच्याइतकीच मोठ्याने हसत. दिवे पूर्ण मालवावेत आणि आवाज चांगला मोठा ठेवावा, एवढे माझ्या वतीने पाहा.

नेहा, बी विंग : काका, मी या कार्टूनवर महाविद्यालयात निबंध लिहिला होता, म्हणून एक गोष्ट स्पष्टपणे मांडते. सुरुवातीच्या अनेक भागांत घर सांभाळणारी कृष्णवर्णीय बाई आहे. तिचा चेहरा सहसा दिसत नाही, फक्त पाय आणि ओरडणे. स्फोटानंतर काळ्या पडलेल्या चेहऱ्यांवरचे विनोदही आहेत. अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या संघटनांनी याला तेव्हाच आक्षेप घेतला होता. ते भाग दडवून ठेवावेत असे मी म्हणत नाही, पण ते मोठ्या मुलांसोबत बसून, बोलत दाखवण्याचे आहेत. पाच वर्षांच्या मुलांसमोर नुसते हसण्यासाठी ते लावू नयेत.

श्रीनिवास, बी विंग : नेहा, पूर्ण सहमत आहे, ते भाग या यादीत नकोत. मृणाल, आता तुमच्या पहिल्या शंकेविषयी. १९७५ मध्ये दूरचित्रवाणीसाठी नवी मालिका निघाली, तेव्हा मारझोड नको म्हणून दोघांना मित्र करून टाकले आणि जेरीच्या गळ्यात बो टाय बांधला. मालिका निर्धोक झाली आणि निर्जीवही झाली, कारण पाठलाग हाच तिचा प्राण होता. तरीही लहानांसाठी निवड करावी हे तुमचे म्हणणे योग्यच आहे. ‘द टू माउसकेटियर्स’ला ऑस्कर असले तरी त्याचा शेवट गिलोटीनवर, म्हणजे शिरच्छेदाच्या यंत्रावर होतो, तेव्हा तेही वगळू. त्याऐवजी १९४१ सालचे ‘द नाइट बिफोर ख्रिसमस’ घ्यावे. जेरी बाहेर बर्फात गेल्यावर टॉम दार बंद करतो, आणि मग स्वतःलाच चैन पडत नाही म्हणून त्याला आत आणून शेकोटीपाशी ऊब देतो. पुढे टॉमच्या दुधाच्या बशीत लपलेला सापळा जेरीच उडवून दाखवतो. तुमच्या मुलाला हे नक्की दाखवा आणि दार लावल्यावर टॉमचा चेहरा कसा बदलत जातो, तिकडे त्याचे लक्ष वेधा.

मृणाल, सी विंग : हे पटले. मी दोन्ही मुलांना घेऊन येईन आणि त्यांच्याजवळच बसेन.

अनघा, ए विंग : मग यादी अशी ठेवते : ‘द नाइट बिफोर ख्रिसमस’, ‘द बोलिंग ॲली-कॅट’, ‘द कॅट कॉन्सर्टो’ आणि व्हिएन्नातल्या वॉल्ट्झवर नाचणाऱ्या उंदराचे ‘जोहान माउस’. चारही पूर्ण लावू, मध्ये थोडे थांबू, म्हणजे मुलांना बोलता येईल. श्रीनिवास, आपले मोठे स्पीकर शनिवारी आणून जोडून पाहता येतील का?

श्रीनिवास, बी विंग : हो, शनिवारी सकाळीच आणतो.