हान्स बेट्गे : चिनी येत नसताना 'चिनी' कविता?

नेकारकाठचा

परवा माहलर या ऑस्ट्रियन संगीतकाराचं 'पृथ्वीचं गाणं' प्रत्यक्ष ऐकलं. सहा गाणी, तासाभराचा मामला, त्यात शेवटचं एकटंच जवळजवळ अर्धा तास खातं. ऐकून घशात आवंढा आला, हे आधीच कबूल करतो. पण हातातल्या पत्रिकेत ठळक नावं होती ली पो, वांग वे वगैरे जुन्या चिनी कवींची, आणि खाली मुंगीएवढ्या टायपात 'हान्स बेट्गे यांच्यावरून'.

माझा आक्षेप साधा आहे. ते शब्द ली पोचे नाहीत, बेट्गेचे आहेत. हा देसाऊला 1876 साली जन्मलेला जर्मन कवी, चिनी शून्य. 1907 साली त्याचा 'चिनी बासरी' हा संग्रह निघाला आणि तुफान खपला. कच्चा माल कुठला? एर्वे द सँ-दनीचा 1862चा फ्रेंच अनुवाद, ज्युडिथ गोतिएचं 1867चं फ्रेंच पुस्तक आणि हाइलमानचा 1905चा जर्मन गद्य संग्रह. हाइलमानचाही बराचसा आधार पुन्हा फ्रेंचच! म्हणजे आठव्या शतकातली चिनी कविता फ्रेंचमधून जर्मन गद्यात, गद्यातून पद्यात, आणि तिथून माहलरकडे. चार घरं फिरून आलेल्या ताटलीत मूळ घरची भाजी उरते का?

एकच नमुना देतो. तिसऱ्या गाण्यात तळ्याच्या मधोमध हिरव्या-पांढऱ्या चिनी मातीचा मंडप आहे. ली पोच्या ज्या कवितेशी हे गाणं जोडतात, तिच्यात असला मंडपच नाही. तिथे 'थाओ' आडनावाच्या यजमानाच्या मंडपातली मेजवानी आहे. थाओ या अक्षराचा दुसरा अर्थ भाजलेल्या मातीची भांडी. गोतिएबाईंनी आडनावाचं भांडं केलं, बेट्गेने तेच भांडं घासूनपुसून चकचकीत केलं. आपल्याकडे 'कुंभारांच्या वाड्यावर जेवलो' याचं कुणी 'मडक्यांच्या महालात जेवलो' करावं, तसं.

यमनवेडी

दादा, तो स्वतःला अनुवादक म्हणवतच नव्हता. जर्मनमध्ये याला 'नाखडिश्टुंग' म्हणतात, म्हणजे मूळ कविता पुढ्यात ठेवून मागाहून रचलेली कविता. आणि तुम्ही ज्या तीन पुस्तकांचा पंचनामा केलात, ती त्याने स्वतःच आपल्या पुस्तकात नावानिशी सांगितली आहेत. चोर पावती ठेवून जातो का?

ज्ञानदेवांनी गीतेच्या सातशे श्लोकांवर नऊ हजार ओव्या केल्या. त्याला चुकीचं भाषांतर म्हणायचं?

खडूस मास्तर

ताई, ज्ञानदेवांना संस्कृत येत होतं हो. सगळा मुद्दा तिथेच आहे. मूळ गिळून, पचवून मग स्वातंत्र्य घेणं वेगळं आणि मूळ न बघताच घेणं वेगळं.

जर्मनांकडेच बघा ना. त्यांचा फ्रीडरिश रुकर्ट (1788–1866) एर्लांगेनला पौर्वात्य भाषांचा प्राध्यापक होता. फारसी, अरबी, संस्कृत शिकून मग हाफिज, रूमी आणि आपल्या जयदेवाचं 'गीतगोविंद' जर्मनमध्ये आणलं. बेट्गेनेही हाफिज केला, उमर खय्याम केला, जपानी, अरबी, तुर्की, झालंच तर 1913 साली 'भारतीय वीणा'सुद्धा. दर एक-दोन वर्षांनी एक नवा देश. हा अभ्यास नव्हे, पर्यटन झालं.

चहाटळ

मास्तर, पण माहलरने रुकर्टच्याही कविता घेतल्या आणि बेट्गेच्याही. त्याने काही डिग्री तपासली नाही =))

उत्तरेचा वारा

दोन वर्षं चिनी शिकतोय, म्हणून थोडं लांबण लावतो.

शेवटच्या गाण्याचा दुसरा भाग वांग वेच्या निरोपाच्या कवितेवर आहे. मूळ कविता सहा ओळींची, प्रत्येक ओळीत पाच अक्षरं, एकूण तीस. घोड्यावरून उतरून मित्राला मद्य देतो, विचारतो कुठे निघालास. तो म्हणतो, मनासारखं झालं नाही, दक्षिणेच्या डोंगराकडे परततोय. मग : जा, आता विचारत नाही, पांढऱ्या ढगांना अंत नाही. बस्स. रडारड नाही.

बेट्गेचा प्रवासी मात्र बोलत सुटतो. पाय थकले, जीव थकला, पृथ्वी सगळीकडे सारखीच. यातलं काहीच मुळात नाही. पण शेवटी पांढरे ढग येतात आणि 'सदैव, सदैव' येतं, ते त्याने हातचं सोडलं नाही. तीन पुस्तकांच्या आडून त्याला ते ढग दिसले, याचं मला कौतुक वाटतं.

आणि आता गंमत. ते ढग काढले कुणी? माहलरने. त्याने तिथे स्वतःच्या ओळी घातल्या : वसंतात पृथ्वी पुन्हा फुलते, क्षितिजं निळी होतात. बेट्गेचा 'मी घोड्यावरून उतरलो' होता, त्याचाही 'तो' केला. मग धाग्यात आरोपी एकटा बेट्गेच का?

नेकारकाठचा

@उत्तरेचा वारा, ढगांचं माहीत नव्हतं. हा प्रतिसाद जपून ठेवतोय. पण तुम्ही माझंच म्हणणं पक्कं केलंत की. जितकं खोल जावं तितकी ती कविता वांग वेची उरत नाही. मग ठळक टायपात त्याचं नाव कशाला? 'अस्सल चिनी' म्हणून तिकीट खपवायला?

माजघरातून

नावाच्या मुद्द्यावर तुमच्याशी सहमत. बाकी मास्तरांशी अजिबात नाही.

माधव ज्युलियन फारसीचे प्राध्यापक. त्यांनी खय्यामच्या रुबाया फारसीतून मराठीत आणल्या, आणि शिवाय फिट्झजेराल्डच्या इंग्रजी खय्यामवरून 'द्राक्षकन्या'ही लिहिली. फारसी येणाऱ्या माणसाला इंग्रजी वळसा घ्यावासा का वाटला असेल? कारण ती वेगळी कविता आहे, हे त्यांना कळत होतं.

दुसरं उदाहरण क्लाबुंड. बेट्गेच्याच काळातला जर्मन लेखक, चिनी न येणारा. त्याने जुन्या चिनी नाटकावरून 1925 साली 'खडूचं वर्तुळ' केलं. त्यावरून जर्मन नाटककार ब्रेख्तचं नाटक, ब्रेख्तवरून खानोलकरांचं 'अजब न्याय वर्तुळाचा'. मास्तरांचा नियम लावला तर आपल्या रंगभूमीवरचा तो प्रयोगही गुंडाळावा लागेल.

खडूस मास्तर

नाटकाचा सांगाडा दहा हातांतून गेला तरी टिकतो. दोन बायका, एक मूल, वर्तुळ. कवितेत सांगाडा नसतोच, सगळी कातडीच असते. त्यामुळे तुमचं उदाहरण गैरलागू.

यमनवेडी

कातडी म्हणा, काहीही म्हणा. तो चुकीचा मंडप मला डोळ्यांसमोर दिसतो : वाघाच्या पाठीसारखा कमानदार पूल, आत बसलेले मित्र पिताहेत, ओळी लिहिताहेत, आणि पाण्यात सगळं उलटं. थाओंच्या घरची बरोबर भाषांतरित मेजवानी मी दोन वेळा वाचली, जेवण काय होतं तेही आठवत नाही.

खडूस मास्तर

म्हणजे चूक सुंदर असली की माफ?

यमनवेडी

हो.

नेकारकाठचा

बेट्गेची कबर किर्शहाइमला आहे, माझ्यापासून फार लांब नाही. रविवारी जाईन म्हणतो. भांडण तिथेच मिटवतो.

चहाटळ

वर बघून फोटो काढा. ढग आहेत का ते कळवा.