मदत हवी आहे: रूर आणि डेट्रॉइटमधील बेरोजगारीची तुलना कोणत्या आकड्यांवर करावी?

औद्योगिक शहरांच्या उतरणीवर मी एक दीर्घ लेख लिहीत असून एका मुद्द्यावर अडलो आहे.

अमेरिकेतील मोटार उद्योगाचे शहर असलेल्या डेट्रॉइटची लोकसंख्या १९५० मध्ये सुमारे १८.५ लाख होती. २०१० पर्यंत ती ७.१४ लाखांवर आली आणि २०१३ मध्ये शहराने दिवाळखोरीचा अर्ज केला. कारखान्यांमागोमाग कर भरणारी कुटुंबेही शहराबाहेर गेली आणि तेवढ्याच रस्त्यांचा, पथदिव्यांचा व जुन्या निवृत्तिवेतनांचा भार मागे राहिलेल्या, बहुतांशी गरीब रहिवाशांवर पडला. जर्मनीतील रूर खोऱ्यात कोळशाचे संकट १९५८ मध्येच सुरू झाले होते, परंतु तेथील शेवटची दगडी कोळशाची खाण अनुदानांच्या आधारे चालत राहून डिसेंबर २०१८ मध्ये बंद झाली. दरम्यान याच खोऱ्यातील बोखुम शहरात १९६५ साली विद्यापीठाचे वर्ग सुरू झाले.

माझी अडचण मोजमापाची आहे. गाव सोडून गेलेला किंवा मुदतपूर्व निवृत्ती घेतलेला कामगार बेरोजगारीच्या दरात दिसतच नाही, त्यामुळे दर उतरला म्हणजे प्रदेश सावरला, असे म्हणणे मला धाडसाचे वाटते. शिवाय डेट्रॉइट हे एक शहर, तर रूर हा ५३ नगरपालिकांचा प्रदेश, म्हणजे तुलनेचे एककच वेगळे. (डेट्रॉइटची उपनगरे धरली तर चित्र बरेच बदलते.)

अशा तुलनेसाठी रोजगारातील लोकांचे प्रमाण वापरावे, की खाण सुटल्यानंतर मिळालेल्या नव्या कामाचे वेतन पाहावे? श्रम-अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी कृपया मार्गदर्शन करावे.