ज्यांना साक्ष द्यायला उठता आलं नाही

चर्चच्या उपासनेत साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगायला, उठतो तो बरा झालेला माणूस. गाठ विरली, पाळणा हलला, नोकरी लागली. माझा धाकटा भाऊ साडेतीन वर्षं डायलिसिसवर होता, आठवड्यातून तीनदा. त्याच्यासाठी अख्खी मंडळी दर शुक्रवारी उपास धरायची. २०१६ च्या पावसाळ्यात तो गेला. पुढच्या रविवारी पाळकांनी नेहमीसारखं विचारलं, "कुणाला साक्ष द्यायची आहे का?" मला उठावंसं वाटलं, पण सांगणार काय? बसूनच राहिले. माझ्यासारख्या इतरांचंही राहून गेलेलं ते बोलणं इथे, त्यांच्याच शब्दांत, होऊ दे. विनंती एकच, बायबलचं वचन सुनावून कुणी कुणाला गप्प करू नये.

वसईहून
लग्नाला चौदा वर्षं झाली. दर सप्टेंबरात वांद्र्याच्या मोत माउलीला (माउंट मेरीच्या मरियामातेला) मेणाचं बाळ वाहायचे. माहीमच्या चर्चमध्ये नोव्हेना, म्हणजे ओळीने नऊ बुधवारांची प्रार्थना, तीनदा पुरी केली. तिथे लोकांची आभारपत्रं वाचून दाखवतात. 'दहा वर्षांनी मुलगा झाला' ऐकलं की आधी आशा वाटायची, पुढे पुढे पोटात खड्डा पडायला लागला. नातेवाईक आयव्हीएफ करा म्हणत. आपल्या कॅथलिक चर्चची त्याविरुद्धची शिकवण १९८७ पासून लेखी आहे. आम्ही नाही केलं. मैत्रिणीने केलं, तिच्या मुलीची मी लाडकी मावशी आहे. पण रात्री वाटायचं, देवा, मी तुझं ऐकलं ना? मग तू?

जास्त लागलं ते दुसरंच. घरात पाच बाप्तिस्मे झाले, गॉडमदर, म्हणजे बाप्तिस्म्याला बाळाला घेणारी धर्ममाता, म्हणून मला कुणी विचारलं नाही. कारण कुणी बोललं नाही, मला कळत होतं. सहाव्या वेळी धाकटी जाऊ म्हणाली, "माझ्या बाळाला ताईच घेतील." सासूबाई काही बोलणार होत्या, तिने बोलू दिलं नाही.

गेल्या सप्टेंबरात मेणबत्तीवाल्या मावशींनी सवयीने बाळच पुढे केलं. मी साधी मेणबत्ती घेतली. वर जाऊन काही मागितलं नाही, खूप रडले. किती वर्षांनी माउलीला नुसती भेटायला गेले होते.

नगरहून
बायकोला स्तनाचा कर्करोग. आजार बरे व्हावेत म्हणून प्रार्थना करतात अशा एका आरोग्यसभेत प्रचारकाने माझ्यादेखत तिला सांगितलं, "बाई, तुमचा विश्वास मोहरीएवढाही नाही." केमोने केस गेलेली, डोक्याला रुमाल बांधून तीन तास तिथे बसलेली बाई ती. त्या माणसाला मी माफ केलेलं नाही. करायला हवं, हे कळतं. ती मात्र घरी येऊन म्हणाली, "बायबलातल्या पौलाने देवाकडे तीनदा मागितलं, तरी त्याच्या शरीरातला काटा निघाला नाही. त्याचा विश्वास कमी होता का हो?"

शेवटच्या महिन्यात ती मला बायबलमधलं स्तोत्र ८८ वाचायला लावायची. ते अंधारातच संपतं. इतर बहुतेक विलापांसारखं शेवटी स्तुतीकडे वळत नाही. मी पान उलटून पुढचं सुरू करायला लागलो की म्हणायची, "थांबा. इथंच थांबा." आजही मी तिथेच थांबतो. चर्चला जातो, गातोही.

केडगावजवळून
१९०५ च्या जागृतीमुळे, म्हणजे तिथे उसळलेल्या प्रार्थनेच्या लाटेमुळे, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं नाव जगभर झालं. त्याच रमाबाईंची एकुलती एक लेक मनोरमा १९२१ मध्ये आईआधी गेली. पुढच्या एप्रिलात रमाबाई गेल्या. मधल्या महिन्यांत त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतराचं काम सोडलं नाही. माझा मुलगा गेल्यावर कुणी "प्रार्थना कमी पडली" म्हणालं की मी विचारायचे, रमाबाईंचीही कमी पडली का?

पुण्याहून
माझं वय ७१. आम्ही १९८८ मध्ये मुलगी घरी आणली. तेव्हा ख्रिस्ती माणसांना कायद्याने दत्तक घेता येत नसे. १८९० च्या कायद्याखाली नुसतं पालकत्व मिळायचं. मी तिला रात्र रात्र खांद्यावर घेऊन फिरवलं, पण कोर्टाच्या कागदावर मी आई नाही, पालक. लोक म्हणतात, बघा, देवाने ऐकलं शेवटी. मला ते वाक्य सहन होत नाही. माझी लेक कुणा न झालेल्या बाळाची भरपाई नाही. आणि जिने तिला जन्म देऊन सोडलं, त्या बाईनेही देवाकडे काही मागितलंच असेल ना? तिच्यासाठी मी रोज प्रार्थना करते. तिचं नावही मला माहीत नाही.

नाशिकहून
मी अजून देवाशी बोलत नाही. दोन वर्षं झाली. रविवारी आईला घेऊन जातो आणि मागच्या बाकावर बसतो. प्रभुभोजनाची भाकर घ्यायला उठत नाही. उपासना संपली की पाळकसाहेब शेजारी येऊन बसतात. पावसाचं बोलतात, कांद्याच्या भावाचं बोलतात. बाकीचं त्यांनी एकदाही विचारलेलं नाही. विचारलं असतं तर मी यायचा थांबलो असतो.