ग्लोव्ह बॉक्सचं कुलूप चालत नाही

पेनसिल्व्हेनियाहून न्यू जर्सीमार्गे पुढे जाताना पिस्तूल गाडीच्या कुलूपबंद ग्लोव्ह बॉक्समध्ये (डॅशबोर्डमधल्या खणात) ठेवलं तर चालेल का, असा प्रश्न पडतो. नाही. बंदूक घेऊन दुसऱ्या राज्यातून जाणाऱ्याला अमेरिकेच्या १९८६च्या संघीय कायद्यातलं कलम ९२६-ए संरक्षण देतं, पण ते ग्लोव्ह बॉक्स आणि मधला कन्सोल (पुढच्या दोन सीटांमधला खण) नाव घेऊन वगळतं. बंदूक रिकामी हवी, आणि ती किंवा गोळ्या बसल्या जागेवरून हाताशी येता कामा नयेत. सेडान असेल तर सरळ डिकीत. एसयूव्हीला वेगळी डिकी नसते, म्हणून कुलूपबंद पेटी लागतेच, गोळ्याही कुलपात. भरलेलं मॅगझिन (बंदुकीत बसणारा गोळ्यांचा कप्पा) मात्र नकोच. न्यू यॉर्कमध्ये जवळ गोळ्या असल्या तरी बंदूक 'भरलेली' धरली जाऊ शकते.

शिवाय, निघताना आणि पोहोचल्यावर, दोन्हीकडे ती बाळगणं कायदेशीर असायला हवं. लोक फसतात ते मुक्कामात. न्यू जर्सीतल्या नेवार्कला विमान चुकलेल्या एकाने सामान घेऊन हॉटेलात रात्र काढली आणि सकाळी विमानतळावर अटक झाली. बंदूक रिकामी, कुलपात होती; तरी २०१०मध्ये अपील न्यायालयाने या कलमाचं संरक्षण नाकारलं, कारण हॉटेलात बॅग हाताशी होती. न्यू जर्सीसारख्या राज्यात मुक्काम टाळा, पेट्रोल भरा आणि निघा.