पहिला पक्षी घरात आणताना काय बघितलं, काय राहून गेलं?

मांजराकाठची, लातूर

महालक्ष्म्या आठ दिवसांवर आल्यात म्हणून आज माळा काढला. मुखवट्यांच्या पेटीमागं पिंजरा निघाला. गोल, आणि आत ते मडकं अजून तारेनं बांधलेलं. खाली उतरवला आणि तिथंच पायरीवर बसून राहिले.

२०१६ चा उन्हाळा. लातूरकरांना वेगळं सांगायला नको. एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेच वर्ष. त्याच्या आधी, संक्रांत झाल्यावर, मी बाजारातून दोन पक्षी आणले होते. एक हिरवा, एक निळा. सगळे लव्हबर्ड म्हणायचे म्हणून मीही म्हणायची. निवडले ते फक्त रंग बघून. वय किती, नर कोणता, मादी कोणती, काहीच विचारलं नाही. विकणाऱ्यानं पिंजऱ्यासोबत मडकं दिलं, "बांधा, अंडी घालतील" म्हणाला. मला तर आनंदच झाला.

मार्चमध्ये पाच अंडी झाली. एकातूनही पिल्लू निघालं नाही. ती काढून टाकली तर हिरवीनं लगेच पुन्हा घालायला सुरुवात केली. खायला नुसते राळे. एक दिवस टँकरच्या रांगेतून दोन तासांनी घरी आले, तर ती पिंजऱ्याच्या तळाला अंग फुगवून बसलेली, श्वासागणिक शेपटी खालीवर होत होती. मला वाटलं ऊन लागलं. घागरीतलं पाणी शिंपडलं. दिवेलागणीला गेली.

पोटात अंडं अडकलं होतं, हे मला दोन वर्षांनी एका जनावरांच्या डॉक्टरांशी बोलताना कळलं. लागोपाठ अंडी घालून अंगातलं कॅल्शियम संपतं, कवच मऊ राहतं आणि अंडं बाहेर ढकलायला जोर उरत नाही. मडकं काढून ठेवलं असतं आणि समुद्रफेसाचा (समुद्रातल्या माकुळाच्या आतलं पांढरं हाड, चोचीनं कुरतडलं की कॅल्शियम मिळतं) एक तुकडा टांगला असता तर बहुतेक ती वाचली असती. निळा पुढं चार वर्षं जगला, पण एकटाच.

आता भाची सेलूला आहे, आठवीत. काल तिचा फोन, "आत्या, मला पक्षी घ्यायचाय, बाबा म्हणाले तुला माहितंय सगळं." मला काय माहितंय ते वर लिहिलंय. दिवाळीच्या आत घ्यायचं म्हणतेय. तुम्ही पहिला पक्षी कोणता घेतला, कसा निवडला, काय चुकलं, सगळं लिहा. तिला वाचून दाखवणार आहे.

गोदाकाठ, परभणी

ताई, तुमचे ते लव्हबर्ड नव्हते, बजी होते. बजरीगर. ऑस्ट्रेलियातला पक्षी. खरा लव्हबर्ड आफ्रिकेतला, अंगानं भरलेला, शेपूट आखूड, आणि चावतो चांगलाच. आपल्या बाजारात दोघांना एकच नाव पडलंय, त्यामुळं घरी काय आलंय हेच लोकांना कळत नाही.

भाचीला बजीच सुचवा. पण पिल्लू घ्यायला सांगा. कपाळावरच्या काळ्या रेघा थेट नाकापर्यंत आल्या असतील तर तीन-चार महिन्यांच्या आतलं असतं. पहिली पिसं झडली की कपाळ स्वच्छ होतं, मग माणसाळायला फार वेळ लागतो. चोचीच्या वर नाकाशी मेणासारखा भाग असतो, मोठ्या नराचा निळा, मादीचा पांढरट नाहीतर तपकिरी. पिल्लांत ओळखणं अवघड, नराचा सगळा एकसारखा जांभळट-गुलाबी असतो, मादीच्या नाकपुडीभोवती पांढरी कडा दिसते. पूर्ण पिवळ्या आणि पांढऱ्या नरांचं नाक मोठेपणीही गुलाबीच राहतं, तिथं हे गणित चालत नाही.

एकटीच पोरगी त्याला वेळ देणार असेल तर एक नर. दिवसभर घराला कुलूप असेल तर दोन नर. मडकं बांधू नका.

जालन्याची सून

भाकरी तव्यावर हाय, पटकन लिहिते. आमच्या आजेसासऱ्यांचा पोपट होता, आपला हिरवा, गळ्यात लाल पट्टा. सकाळी "उठा उठा" करून अख्खा वाडा उठवायचा. सासूबाई नवीन नवरी होत्या तेव्हा त्या उठायच्या आधी पोपट उठवतो म्हणून रडल्या होत्या म्हणे. आता हे सांगताना हसतात.

पण ताई, भाचीला देशी पोपट घेऊ देऊ नका. कुणी बुटाच्या खोक्यात पिल्लू आणून देतं, ढोलीतनं काढलेलं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, त्याखाली आपला पोपट पाळणं गुन्हा. माझा भाऊ वनखात्यात आहे, तो सांगतो लोकांना हे पटतच नाही, म्हणतात आमच्या आज्याकडं होता. होता, पण आता चालत नाही. आणि ढोलीतनं एक पिल्लू आपल्यापर्यंत पोचेस्तोवर बाकीची वाटेतच मेलेली असतात.

आली आली, भाकरी करपली.

हिंगोलीहून

मांजराकाठची ताई, वाचून गलबलून आलं. त्या उन्हाळ्यात माणसाला प्यायला पाणी नव्हतं, तुम्ही तरी काय काय बघणार होता. मनाला लावून घेऊ नका.

एक विचारायचं होतं, राळे कुठं मिळतात? इथं दुकानात कांगणी म्हणून देतात, तेच का?

जालन्याची सून

तेच ते. किराणा दुकानात राळे मागा, पाखराच्या दुकानात कांगणी मागा. भोगीला भात करतो ना आपण बाजरीच्या भाकरीसोबत, तेच राळे. पाखराला मात्र सालासकट पाहिजेत, ते स्वतः सोलून खातं. आपल्या भाताचे सडलेले, म्हणजे कांडून साल काढलेले असतात, ते त्याला नका देऊ.

हिंगोलीहून

आमच्याकडं भोगीला राळ्याचा भात आज्जी करायची. तिच्यामागं कुणी केलाच नाही. वरणासारखं पातळ दूध-गूळ घालून खायचो आम्ही.

जालन्याची सून

दूध-गूळ?? आम्ही तर लेकुरवाळ्या भाजीसोबत. या यंदा भोगीला जालन्याला.

केजकर

बीड जिल्ह्यात मे महिन्यात पक्षी कसा जगवायचा ते लिहितो, कारण सगळे रंग आणि जात बघतात आणि घर बघत नाहीत. आमचं पत्र्याचं घर होतं. बजी हा कोरड्या मुलखातला पक्षी, ऊन सोसतो, पण रानात तो सावलीला उडून जातो, पिंजऱ्यात कुठं जाणार? दुपारी १२ ते ५ पत्र्याखाली भट्टी असायची. पक्षी चोच उघडी ठेवून धापा टाकायला लागला आणि पंख अंगापासून लांब धरले की समजायचं, उन्हाचा तडाखा बसलाय. आम्ही पिंजरा न्हाणीघराच्या भिंतीला हलवला, तिथं ओल असते. तिन्ही बाजूंनी ओलं तरट, एक बाजू मोकळी. उथळ ताटलीत पाणी ठेवायचं, त्यात तो स्वतः अंघोळ करतो, बघत बसावं असं असतं ते. पाणी दिवसातून तीनदा बदलायचं. कूलरचा झोत मात्र थेट अंगावर नको.

भाचीला म्हणावं, आधी दुपारी दोन वाजता स्वतः त्या जागी अर्धा तास बसून बघ जिथं पिंजरा टांगणारेस. तुला बसवलं तर त्यालाही बसवेल.

सिडकोतली आई, छत्रपती संभाजीनगर

मी कोकाटेल घेतलं होतं पहिलं. डोक्यावर तुरा, गालावर केशरी ठिपका, कुणालाही मोह पडेल. जीव फार लावतं, शिट्टीवर शिट्टी देतं. पण त्याच्या पिसांतनं बारीक पांढरी भुकटी उडते सतत, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सासूबाईंना दमा. दोन महिन्यांत त्यांचा पंप वाढला. शेवटी धाकट्या दिरांकडं दिलं. तिथं आनंदात आहे, पण मुलगा आठवडाभर जेवला नव्हता नीट.

आणि कोकाटेल १५-२० वर्षं जगतं. आठवीतली मुलगी शिकायला बाहेर जाईल, नंतर लग्न होईल, तेव्हा पक्षी कुणाकडं? हे आधी घरात बोलून घ्या. बजी त्या मानानं ५ ते १० वर्षं.

रात्री लाइट गेली की कोकाटेल अंधारात दचकून पिंजऱ्यात आपटायचं. आमच्याकडं तेव्हा भारनियमन. एक बारका चार्जिंगचा दिवा लावून ठेवायला लागलो मग थांबलं.

धाराशिवकर

स्वयंपाकघरात पक्षी ठेवू नका. आमच्या झेब्रा फिंचची जोडी ओट्याजवळच्या खिडकीत होती. नॉनस्टिक तवा गॅसवर रिकामा राहून तापला, आम्ही बाहेर बोलत होतो. माणसाला नुसता वास आला. दोन्ही फिंच पंधरा मिनिटांत गेल्या. तव्याच्या लेपातनं निघणारा धूर त्यांच्या फुप्फुसाला सोसत नाही. तेव्हापासून घरात लोखंडी तवाच आहे. यापेक्षा जास्त लिहवत नाही.

मांजराकाठची, लातूर

दादा. भाचीच्या घरी स्वयंपाकघर आणि बैठक एकच आहे. हे तुम्ही लिहिलं नसतं तर मला सुचलंही नसतं.

सिडकोतली आई

अगरबत्ती, धूप, डासांची कॉइल पण नको त्या खोलीत. देवघराजवळची खुंटी लोकांना सोपी वाटते.

नांदेडकर

पंखा!!! कुणीच पंखा लिहिला नाही. आमचा पिंट्या हातावर यायचा, खांद्यावर बसून वरणभात मागायचा. भाऊ बाहेरून आला, सवयीनं बटण दाबलं. आजपण ते बटण दाबताना मी आधी वर बघतो. त्या बटणावर चिकटपट्टी लावा आणि पक्षी बाहेर असताना ती काढायची नाही, असा घरात नियमच करा.

दुसरा पक्षी खिडकीतनं गेला. लिंबावर बसला होता, हाका मारल्या, आला नाही. कावळे आले.

उदगीरची

माझा पहिला "पक्षी" म्हणजे जत्रेत घेतलेल्या हिरव्यागार चिमण्या. सहा वर्षांची होते. तिसऱ्या दिवशी पाण्यात भिजल्या आणि रंग उतरला, खाली तपकिरी मुनिया. माणसानं रंगवल्या होत्या. मी आईला विचारत राहिले की तिचा रंग परत कसा लावायचा. आठवड्यात मेल्या दोन्ही. आता माहितंय की मुनिया रानातली पकडलेली असते, तिलाही तोच कायदा आहे. भाचीला सांगा, फार भडक एकाच रंगाची स्वस्त चिमणी दिसली तर घेऊ नको. कीव येऊन पण नको, घेतली की तो अजून पकडतो.

पशुवैद्यकीय, तिसरं वर्ष

परभणीच्या कॉलेजात शिकतोय, लेक्चरला जाता जाता लिहितो. मांजराकाठची मावशी, तुमच्या हिरवीची लक्षणं तुम्ही इतक्या वर्षांनी इतकी बरोबर लिहिलीत. अंडं अडकलं की असंच दिसतं. ऊबदार जागा आणि लगेच डॉक्टर, यात एक-दोन तासही महत्त्वाचे असतात. समुद्रफेस टांगलेला असेल तर धोका कमी होतो, शून्य होत नाही.

पक्षी निवडताना दुकानात दहा मिनिटं नुसतं लांब उभं राहायचं. पक्षी आजार लपवतो, कारण रानात आजारी दिसला की तो पकडला जातो. माणूस जवळ गेला की तो मुद्दाम ताठ बसतो. लांबून बघितलं की खरं कळतं. भरदुपारी फुगून झोपलेला, खाली बसलेला, शेपटीखाली घाण चिकटलेला, चोचीभोवती खरबरीत मधमाशीच्या पोळ्यासारखा थर आलेला (तो बारीक किडा असतो) असा घेऊ नका. शेजारच्या पिंजऱ्यात एकजण जरी असा असेल तरी त्या दुकानातनं नको. घरी आधी पक्षी असेल तर नवा ३० दिवस वेगळ्या खोलीत.

पिंजरा गोल नको, लांबट पाहिजे. बजी आडवा उडतो, वर नाही. तारांत अर्ध्या इंचापेक्षा जास्त फट नको, डोकं अडकतं. सूर्यफुलाच्या बिया चवीपुरत्या, त्यानं चरबी वाढते. राळे, बाजरी, वरी मिसळून द्या, सोबत मेथी, कोथिंबीर धुऊन.

केजकर

डॉक्टर, बर्ड फ्लूचं काय? आमच्याकडं लोक घाबरवतात.

पशुवैद्यकीय, तिसरं वर्ष

अजून डॉक्टर व्हायचंय दादा. २०२१ च्या जानेवारीत आमच्याच परभणीजवळच्या मुरुंब्याला कोंबड्यांत निघाला होता, २०२५ च्या जानेवारीत उदगीरला कावळे मेले. घरातल्या पिंजऱ्याला धोका येतो तो बाहेरच्या पक्ष्यांच्या विष्ठेतनं. साथ असेल तेव्हा पिंजरा गच्चीवर, अंगणात ठेवू नका, चिमण्या-कावळे दाणे खायला येतील असं ठेवू नका, हात धुवा. अचानक मेलेला पक्षी उघड्या हातानं उचलू नका, सरकारी दवाखान्यात कळवा.

उदगीरची

हो, ते कावळे मी बघितलेत. झाडाखाली पडलेले. दोन-तीन दिवस सकाळी कावकावच नव्हती.

मांजराकाठची, लातूर

सगळं वाचून दाखवलं तिला फोनवर, एक तास लागला. पंख्याचं ऐकून गप्प झाली. मग म्हणाली, आत्या, दुपारी दोनला मी शाळेत असते, रविवारी बसून बघते. भाऊ म्हणाला बैठकीला पडदा लावून भागणार नाही, मधल्या खोलीत तिच्या अभ्यासाच्या टेबलाजवळ जागा आहे, तिथं पत्रा नाही, स्लॅब आहे. दिवाळीची घाई सोडली दोघांनी.

मडकं मी तारेतनं सोडवलंय. त्यात तुळशीचं रोप लावणार आहे. पिंजरा भंगारात देईन, गोल आहे, कुणालाच नको.

जालन्याची सून

ताई, पाखरू आलं की फोटो टाका. आणि हिंगोलीच्या ताई, पत्ता कळवा, सालाचे राळे एक किलो एसटीच्या पार्सलनं पाठवते, सासऱ्यांच्या रानातले आहेत.

हिंगोलीहून

माझ्याकडं अजून पक्षी नाही ओ. पण पाठवा. निम्मे सडून भात करते.