शेतीतील नव्या माहिती तंत्रज्ञानाचा सामाजिक परिणाम: संशोधन आराखड्याबद्दल मार्गदर्शन हवे

विश्रामबाग_अभ्यासक

नमस्कार. मी सांगलीतील एका महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवते आणि सध्या पीएचडीचा आराखडा तयार करीत आहे. विषय साधारण असा आहे: वाळवा, तासगाव आणि कराड तालुक्यांतील शेतकऱ्यांपर्यंत पोहोचणाऱ्या मोबाईल सल्लासेवा, उपग्रहचित्रांवरून होणारी पीकपाहणी आणि मराठीत उत्तरे देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने यांमुळे गावातील व्यवहारात काय बदलते. राज्य मंत्रिमंडळाने जून 2025 मध्ये शेतीत कृत्रिम बुद्धिमत्ता वापरण्याचे महाॲग्री-एआय धोरण मंजूर केल्यापासून या विषयावर चर्चासत्रांची रीघ लागली आहे. मात्र त्यांत वाचले जाणारे बहुतेक निबंध ‘तंत्रज्ञानाने शेतकरी सक्षम होईल’ एवढ्यावरच थांबतात.

माझ्या मार्गदर्शकांनी फ्रेड डेव्हिस यांचे 1989 मधील तंत्रज्ञान-स्वीकृतीचे प्रारूप वापरण्याचे सुचवले आहे. साधन किती उपयुक्त वाटते आणि वापरायला किती सोपे वाटते, यावर पाच पर्यायांची प्रश्नावली करावी आणि 300 शेतकऱ्यांकडून ती भरून घ्यावी, अशी ती योजना आहे. तिची सोय मला कळते, कारण काम वेळेत पूर्ण होईल आणि आकडेवारीही नीट मांडता येईल. परंतु शोधगंगेवरील (विद्यापीठीय प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातील) अशा पद्धतीचे प्रबंध चाळताना जाणवते की शिक्षण आणि वय यांचा वापराशी संबंध आहे, एवढाच निष्कर्ष हाती येतो, आणि सामाजिक परिणाम मात्र शीर्षकापुरताच उरतो. या प्रश्नावलीतून परिणामापर्यंत पोहोचता येईल का, आणि आपल्याच भागात यापूर्वी कोणते गंभीर काम झाले आहे, याविषयी जाणकारांनी लिहावे, ही विनंती.

कृष्णाकाठ

मॅडम, आपली शंका रास्त आहे आणि तिला आपल्याच भागातील भक्कम आधार आहे. मी अर्थशास्त्राचा अध्यापक होतो, त्यामुळे पुढील मांडणीत त्या शास्त्राकडे थोडा कल दिसेल, तो आपण समजून घ्यावा.

मार्सेल फाफशाँ आणि बार्ट मिन्टन यांनी महाराष्ट्रातील 100 गावांत एक प्रयोग केला होता आणि त्याचा निबंध 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. रॉयटर्स मार्केट लाइट या सेवेतून बाजारभाव, हवामान आणि पीकसल्ला एसएमएसने मिळत असे. ती सेवा काही गावांतील शेतकऱ्यांना वर्षभर मोफत दिली आणि काही गावांना दिली नाही, आणि कोणती गावे कोणत्या गटात जातील हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे यदृच्छेने ठरवले. निवडलेल्या पाच जिल्ह्यांत आपला सातारा होता. निष्कर्ष असा की सरासरी शेतकऱ्याला मिळालेल्या भावात, पिकाच्या मूल्यवर्धनात, पावसाने होणाऱ्या नुकसानीत किंवा वाण आणि लागवडपद्धत बदलण्याच्या शक्यतेत संख्याशास्त्रीयदृष्ट्या ठळक असा कोणताही फरक पडला नाही. विक्रीचे ठिकाण आणि मालाची प्रतवारी यांत थोडा फरक दिसला, पण तो लहान होता.

आता यातील आपल्या उपयोगाची गोष्ट सांगतो. ज्यांना ती सेवा मिळाली होती, त्यांनी आपल्या अनेक निर्णयांचा संबंध त्या संदेशांशी जोडला होता. म्हणजे तुलनेसाठी दुसरा गट नसता आणि केवळ ‘ही माहिती आपल्याला उपयुक्त वाटली का’ असे विचारले असते, तर तीच सेवा यशस्वी ठरली असती. आपल्या 300 प्रश्नावल्यांचे नेमके तेच होण्याचा धोका आहे. डेव्हिस यांच्या प्रारूपाचा यात दोष नाही. माणूस एखादी संगणकप्रणाली वापरील की नाही, हे सांगण्यासाठी ते तयार झाले. तिच्या वापराने गावात कोणाचे काय झाले, हे त्याला विचारणेच चुकीचे आहे.

याच्या उलट बाजूला रॉबर्ट जेन्सन यांचा 2007 मधील निबंध ठेवून पाहावा. 1997 ते 2001 या काळात उत्तर केरळच्या किनाऱ्यावर मोबाईल मनोरे टप्प्याटप्प्याने उभे राहिले, त्यामुळे कोणत्या भागात सेवा आधी आली आणि कोठे नंतर, अशी तुलना आपोआप उपलब्ध झाली. किनाऱ्यावरच्या निरनिराळ्या बाजारांतील भावांची तफावत कमी झाली, मासळी फेकून देण्याची वेळ येईनाशी झाली, कोळ्यांचा नफा सरासरी 8 टक्क्यांनी वाढला आणि ग्राहकाला मासळी 4 टक्क्यांनी स्वस्त मिळू लागली. पुढे श्रीनिवासन आणि बरेल यांनी केरळच्या किनाऱ्यावर पुन्हा जाऊन दाखवले की ज्या कोळ्याने मासळी विकणाऱ्याकडूनच कर्ज घेतलेले असते, त्याला दुसऱ्या बंदराचा भाव कळूनही होडी तिकडे वळवता येत नाही.

हे वाचले की सांगलीच्या पेठेतील हळदीचे सौदे डोळ्यांसमोर येतात. अडत्याकडून आगाऊ उचल घेतलेल्या शेतकऱ्याने मोबाईलवर निजामाबादचा भाव पाहिला, तरी त्याची पोती कोणत्या दुकानात उतरणार हे आधीच ठरलेले असते. राष्ट्रीय कृषी बाजाराची ई-नाम व्यवस्था एप्रिल 2016 मध्ये सुरू झाली, तेव्हा आता परगावचा खरेदीदारही बोली लावील, अशी मोठी अपेक्षा होती. पण उचल आणि ओळख या दोन गोष्टी कोणत्याही पडद्यावर उमटत नाहीत. त्यामुळे माझ्या मते आपल्या प्रबंधाचा मूळ प्रश्न असा असावा: माहिती मिळाल्यानंतर तिच्यावर कृती करण्याची मोकळीक कोणाला आहे आणि कोणाला नाही? त्यासाठी प्रश्नावली जरूर ठेवावी. मात्र तिच्या जोडीला विक्रीच्या पट्ट्या (अडत्याने दिलेल्या हिशेबाच्या पावत्या), उचलीच्या नोंदी आणि सेवा न वापरणाऱ्यांचा गट हवाच.

वारणेच्या प्रकल्पाविषयीही वाचावे. 1998 मध्ये वारणानगर परिसरातील कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील सुमारे 70 गावांत संगणक केंद्रे उभारली गेली. त्या काळी त्यांचे कौतुक देशभर झाले. मात्र पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या बंगळुरू येथील संशोधकांनी पाहणी केली, तेव्हा हे संगणक मुख्यतः सहकारी संस्थेच्या स्वतःच्या कामाला, म्हणजे उसाच्या नोंदी, वजने आणि खतांचा हिशेब यांना जुंपलेले आढळले. तेही क्षमतेपेक्षा कितीतरी कमी वापरात होते. म्हणून त्यांनी काही गावांत तेच काम साध्या मोबाईलवरील एसएमएसने करून दाखवले. त्या चमूतील केंटारो तोयामा यांनी नंतर मांडले की तंत्रज्ञान समाजात आधीपासून असलेली क्षमता आणि इच्छाच वाढवते, नसलेली निर्माण करीत नाही. या मताशी मी बहुतांशी सहमत आहे, पूर्णपणे नाही. जेन्सन यांचे कोळी त्याला थोडेसे छेद देतात.

आडसाली

कृष्णाकाठ सरांनी हळदीचे सांगितले, मी उसाचे सांगतो. माझी बरीच नोकरी एका साखर कारखान्याच्या शेती विभागात झाली आहे.

उसाच्या बाबतीत बाजारभावाच्या माहितीला फारसा अर्थ नाही, कारण एफआरपी, म्हणजे उसाचा किमान रास्त दर, केंद्र सरकार ठरवते आणि ती कारखान्याच्या एकूण उताऱ्याशी (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाशी) जोडलेली असते, एकेका शेतकऱ्याच्या उसातील साखरेशी नव्हे. शेतकऱ्याची खरी चिंता असते ती तोड कधी मिळणार याची. ऊस पक्व होऊन तुरा आला आणि तोड लांबली, की वजन घटते, रान मोकळे होत नाही आणि पुढच्या पिकाचे गणित बिघडते. हा क्रम कागदोपत्री लागणीच्या नोंदीप्रमाणे असतो. प्रत्यक्षात चिटबॉय (तोडीची चिठ्ठी देणारा कारखान्याचा कर्मचारी), गट ऑफिस, तोडणी मुकादम आणि शेतापर्यंत जाणारा रस्ता या सर्वांच्या हातून तो पुढेमागे होत राहतो. तोडणीच्या टोळीला खुशाली आणि वाहनाच्या चालकाला एन्ट्री, म्हणजे ठरल्याबाहेरचे पैसे, द्यावे लागतात, हे या भागात कोणाला नव्याने सांगायला नको.

आता उपग्रहचित्रांवरून कोणता ऊस पक्व झाला आहे, हे ठरवून तोडणीचा कार्यक्रम लावण्याची तंत्रे येत आहेत. आपण ज्याला सामाजिक परिणाम म्हणता, तो मला नेमका येथे दिसतो. चिटबॉयशी भांडता येते, संचालकाकडे त्याची तक्रार करता येते, चारचौघांत त्याला जाबही विचारता येतो. संगणकाने लावलेल्या क्रमाला जाब कोणी आणि कोणाकडे विचारायचा? दुसरीकडे, ज्या लहान शेतकऱ्याची कोठेच ओळख नाही, त्याला हाच क्रम न्याय देऊ शकेल. यापैकी काय घडते हे अंदाजाने सांगता येणार नाही, पण मोजता मात्र येईल. एकच वाण, लागणीचा एकच महिना आणि एकच हंगाम धरून नोंदीची तारीख आणि तोडीची तारीख यांतील अंतर काढावे, आणि ते एक एकरवाल्याला किती पडते आणि दहा एकरवाल्याला किती, हे नवी पद्धत येण्यापूर्वीच्या आणि नंतरच्या हंगामांत ताडून पाहावे. आडसाली, पूर्वहंगामी आणि सुरू या वेगवेगळ्या हंगामांतील लागणी आणि खोडवा (तोडणीनंतर पुन्हा फुटलेला ऊस) यांची सरमिसळ मात्र होऊ देऊ नये, नाहीतर सारा हिशेब फसेल.

आणखी एक विनंती. बीड आणि अहिल्यानगर भागांतून येणाऱ्या तोडणी मजुरांना आपल्या नमुन्यातून वगळू नका. त्यांच्या हाती ते ॲप कधीच येणार नाही, परंतु तोडणी विखुरलेल्या फडांत लागली की दिवसभराची पायपीट आणि रिकामा जाणारा वेळ त्यांच्याच वाट्याला येतो, आणि त्यांची उचल मात्र तोडलेल्या टनांवरच फिटते.

विश्रामबाग_अभ्यासक

दोघांचेही मनःपूर्वक आभार. साताऱ्याचा समावेश असलेला तो प्रयोग मला ठाऊक नव्हता. आडसाली काका, तोडीच्या तारखांची आपली कल्पना मार्गदर्शकांपुढे मांडते. त्यांचा आक्षेप बहुधा असा असेल की कारखाना अशा नोंदी देणार नाही. शिवाय त्या नोंदी मिळाल्याच, तर शेतकऱ्यांच्या संमतीचे काय, हा प्रश्न आहेच. आणि स्त्रियांचा मुद्दा अजून कोणीच काढलेला नाही.

कोरेगाव_वाचनकट्टा

ताई, स्त्रियांचा मुद्दा शेवटच्या प्रकरणात वेगळा काढून ठेवू नका, तो नमुना निवडतानाच येतो. आपण सातबाऱ्यावरील खातेदारांची यादी घेऊन नमुना काढला, की खुरपणी, टोकणी आणि हळद शिजवण्यापासून वाळवण्यापर्यंतची कामे करणाऱ्या बहुतेक स्त्रिया तेथेच गळतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) कधीतरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रियांचे देशातील प्रमाण 33 टक्के आणि पुरुषांचे 57 टक्के होते. त्यानंतर फोन बरेच पसरले. तरीही घरात फोन असणे आणि तो दुपारी, काम चालू असताना बाईच्या हातात असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. सल्ल्याचा संदेश नवऱ्याच्या फोनवर येतो आणि फवारणीचे पाणी आणून देणारी ती असते. त्यामुळे ‘आपण ॲप वापरता का’ याऐवजी मागच्या फवारणीचा निर्णय कोणी, कोणाला विचारून आणि कोणत्या माहितीवरून घेतला, असे घरातील दोघांना वेगवेगळे विचारून पाहा. उत्तरे जुळत नाहीत, तेथे थांबून अधिक विचारावे. त्याला वेळ लागतो, म्हणून 300 घरांचा आग्रह सोडावा लागेल, आणि तो सोडलेलाच बरा.

अजिंक्य_संगणक

संमतीविषयी थोडक्यात लिहितो, कारण आमच्या विभागात यावर बराच काथ्याकूट झाला आहे. वैयक्तिक डिजिटल डेटा संरक्षण कायदा 2023 मध्ये झाला आणि त्याखालील नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले. तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होणार आहेत. संशोधन आणि सांख्यिकी यांसाठी कायद्यात सूट आहे, मात्र तिला दोन अटी आहेत: त्या माहितीच्या आधारे विशिष्ट व्यक्तीविषयी कोणताही निर्णय घेतला जाऊ नये, आणि नियमांत दिलेली मानके पाळली जावीत. म्हणून कारखान्याशी पत्रव्यवहार करतानाच स्पष्ट लिहावे की आपले विश्लेषण कोणा एका सभासदाच्या तोडीसाठी वा वसुलीसाठी वापरले जाणार नाही. ही सूट आहे म्हणून प्रत्यक्ष मुलाखतींची संमती टाळू नये. ती मराठीत वाचून दाखवूनच घ्यावी आणि विद्यापीठाच्या नैतिकता समितीपुढे आधीच ठेवावी.

नावे काढून टाकली म्हणजे माहिती निनावी झाली, असे समजू नका. गाव, क्षेत्र, वाण आणि लागणीचा महिना एवढे एका ओळीत आले, की गावातील कोणीही तो प्लॉट कोणाचा हे सांगेल. क्षेत्राचे गट पाडा, गावांना सांकेतिक क्रमांक द्या आणि ज्या गटात मोजकेच शेतकरी उरतात तो शेजारच्या गटात मिसळून टाका. कारखान्याकडेही नावांसह नोंदी मागूच नका. सभासद क्रमांक बदलून फक्त तारखा, क्षेत्र, वाण आणि टनेज मागितले, तर होकाराची शक्यता वाढते. मागणीचे पत्र गाळप हंगाम संपल्यावर द्यावे, कारण हंगाम चालू असताना शेती ऑफिसमधील कोणालाही अशा पत्राकडे पाहायला सवड नसते.

आडसाली

अजिंक्य यांचे बरोबर आहे. त्यात एवढीच भर घालतो की पत्र कार्यकारी संचालकांच्या नावे द्यावे, आणि त्याची प्रत मुख्य शेती अधिकाऱ्यांना द्यावी. मागील तीन-चार हंगामांच्या नोंदी एकदमच मागाव्यात, कारण प्रणाली बदलली की जुन्या प्रणालीतील माहिती काढून देणारा माणूस सापडणे अवघड होते.